गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची तपासणी: मुंबईतील स्त्रियांनी ती केव्हा, कुठे आणि कशी करून घ्यावी

जिची पाळी नियमित आहे, जिला कुठे दुखत नाही, अंगावरून पांढरे जाण्याचीही तक्रार नाही, अशा स्त्रीने गर्भाशयमुखाची तपासणी करून घ्यायची असते. हे पहिल्याच ओळीत सांगणे आवश्यक वाटते. आपल्याकडे बाई दवाखान्याची पायरी चढते ती बहुधा दुखणे अंगावर काढून थकल्यावर, आणि हा आजार ज्या टप्प्यावर पूर्णपणे रोखता येतो त्या टप्प्यावर तो काहीही जाणवू देत नाही. विषाणूचा संसर्ग झाल्यापासून प्रत्यक्ष कर्करोग होईपर्यंत सर्वसाधारण प्रकृतीच्या स्त्रीच्या बाबतीत बहुधा १५ ते २० वर्षे जातात. इतका अवधी देणारे कर्करोग फार थोडे आहेत. तरीही २०२२ सालच्या जागतिक अंदाजानुसार भारतात त्या एका वर्षात सुमारे १ लाख २७ हजार स्त्रियांना हा आजार झाला आणि जवळपास ८० हजार स्त्रिया दगावल्या. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात ३० ते ४९ वयोगटातील शंभरांपैकी जेमतेम दोन स्त्रियांनी ही तपासणी कधी तरी करून घेतल्याचे आढळले. या दोन आकड्यांचा एकमेकांशी असलेला संबंध उघड आहे.

कारणाविषयी थोडे

गर्भाशयाचा योनीत उघडणारा खालचा अरुंद भाग म्हणजे गर्भाशयमुख. तेथील जवळजवळ सर्व कर्करोगांच्या मुळाशी ह्यूमन पॅपिलोमा व्हायरस, म्हणजेच एचपीव्ही, हा विषाणू असतो. हा संबंध दाखवून देणारे जर्मन शास्त्रज्ञ हॅराल्ड त्सूर हाउजेन यांना २००८ साली नोबेल पारितोषिक मिळाले. या विषाणूचे अनेक प्रकार आहेत आणि त्यांपैकी १६ व १८ क्रमांकाचे प्रकार सर्वाधिक घातक मानले जातात. तो शरीरसंबंधांतून पसरतो आणि इतका सर्रास आढळतो, की बहुतेक स्त्री-पुरुषांना आयुष्यात कधी ना कधी त्याचा संसर्ग होतोच. शरीराची प्रतिकारशक्ती बहुतेक वेळा वर्षा-दोन वर्षांत त्याला हुसकावून लावते. ज्या थोड्या स्त्रियांच्या शरीरात तो वर्षानुवर्षे ठाण मांडून बसतो, त्यांच्या गर्भाशयमुखाच्या पेशींत हळूहळू बिघाड होऊ लागतो.

यातून दोन गोष्टी निघतात आणि त्या घरोघरी समजायला हव्यात. एक म्हणजे हा आजार सहसा घराण्यात चालत येणारा नाही, त्यामुळे ‘आमच्याकडे कोणाला नव्हता’ हे तपासणी टाळण्याचे कारण होऊ शकत नाही. दुसरे म्हणजे एचपीव्हीचा अहवाल सकारात्मक आला, म्हणजे विषाणू आढळला, म्हणून त्यावरून पत्नीच्या किंवा पतीच्या चारित्र्याबद्दल काहीही सिद्ध होत नाही. हा विषाणू अनेक वर्षे लक्षात न येता शरीरात राहू शकतो आणि तो नेमका केव्हा आला हे कोणतीही चाचणी सांगत नाही. या एका गैरसमजापायी घरात कलह होईल, या भीतीने तपासणीचे नावही न काढणाऱ्या स्त्रिया आहेत. त्यांच्यापर्यंत हे वाक्य पोहोचले, तर या लेखाचे निम्मे काम होईल.

तंबाखू या विषाणूला साथ देतो. धूम्रपानाचा धोका तर पक्का सिद्ध झालेला आहे, आणि मिश्री लावण्याची सवय असेल तर तीही सोडावी, कारण तोंडाच्या कर्करोगासाठी ती निश्चितच घातक आहे. निरोधाच्या वापराने संसर्गाची शक्यता कमी होते, पण नाहीशी होत नाही.

तपासणीच्या तीन पद्धती

पहिली पद्धत व्हीआयए या नावाने ओळखली जाते. त्यात गर्भाशयमुखावर ३ ते ५ टक्के तीव्रतेचे ॲसिटिक ॲसिड, म्हणजे सौम्य व्हिनेगर, लावतात आणि मिनिटभर थांबून पाहतात. बिघडलेल्या पेशी असतील तेथे पांढरा चट्टा उमटतो. निकाल त्याच जागी कळतो आणि प्रयोगशाळेची गरज लागत नाही. केंद्र सरकारच्या कार्यक्रमात ३० ते ६५ वर्षांच्या स्त्रियांसाठी दर पाच वर्षांनी हीच तपासणी ठरवलेली आहे.

या साध्या तपासणीची ताकद मुंबईनेच जगाला दाखवली, याचा उल्लेख केल्याशिवाय पुढे जाणे योग्य होणार नाही. टाटा मेमोरियल रुग्णालयातील डॉ. सुरेंद्र शास्त्री आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९८ साली मुंबईतील झोपडपट्ट्यांमध्ये ३५ ते ६४ वर्षे वयाच्या सुमारे दीड लाख स्त्रियांचा अभ्यास सुरू केला. दहावीपर्यंत शिकलेल्या स्थानिक स्त्रियांना चार आठवड्यांचे प्रशिक्षण देऊन त्यांच्याकडून दर दोन वर्षांनी व्हीआयए तपासणी करवून घेण्यात आली. बारा वर्षांनंतर, तपासणी झालेल्या गटात या कर्करोगाने होणारे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झाल्याचे दिसले आणि २०१३ साली हे निष्कर्ष शिकागो येथील कर्करोगतज्ज्ञांच्या परिषदेत मांडले गेले. दुसऱ्या गटातील स्त्रियांना केवळ आरोग्यविषयक माहिती देण्यात आली होती, आणि अभ्यासाच्या या रचनेवर टीकाही झाली. ती टीका दुर्लक्ष करण्याजोगी नाही. मात्र वस्तीतल्याच प्रशिक्षित बाईच्या हातून झालेल्या तपासणीने जीव वाचतात, हे त्या अभ्यासाने दाखवून दिले.

दुसरी पद्धत पॅप स्मिअरची. गर्भाशयमुखावरील पेशी लहान ब्रशने किंवा लाकडी पट्टीने अलगद खरवडून घेतात आणि प्रयोगशाळेत सूक्ष्मदर्शकाखाली त्यांची पाहणी होते. मुंबईतील स्त्रीरोगतज्ज्ञांकडे सर्वाधिक प्रचलित आहे ती हीच. एका वेळच्या पॅपमधून काही बिघाड निसटू शकतात, म्हणून ती साधारण दर तीन वर्षांनी करावी लागते.

तिसरी पद्धत एचपीव्ही डीएनए चाचणीची. नमुना जवळजवळ तसाच घेतात, पण त्यात पेशींऐवजी घातक प्रकारचे विषाणू आहेत का, हे शोधतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ पासून हीच चाचणी सर्वप्रथम सुचवलेली आहे: वयाच्या तिसाव्या वर्षापासून, दर पाच ते दहा वर्षांनी. पेशी बिघडण्याआधीच ही चाचणी इशारा देते, म्हणून तिच्यातील अंतर एवढे मोठे ठेवता येते. पूर्वीच्या उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव, जिल्ह्यात सुमारे १ लाख ३१ हजार स्त्रियांवर झालेल्या आणि २००९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, आयुष्यात एकदाच केलेल्या एचपीव्ही चाचणीने या कर्करोगाचे मृत्यू जवळपास निम्म्यावर आणले. त्याच अभ्यासात एकदाच केलेल्या व्हीआयएने किंवा पॅपने मृत्यूंमध्ये ठोस घट दिसली नाही. मुंबईतील अभ्यासात व्हीआयए प्रभावी ठरली, ती बहुधा पुन्हा पुन्हा केली गेल्यामुळे.

निवड करताना हा फरक ध्यानात ठेवावा. एचपीव्ही चाचणीचा खर्च पेलण्यासारखा असेल, तर तीच मागावी. तो पेलत नसेल, तर पॅप किंवा व्हीआयए करून घ्यावी, मात्र एकदा करून समाधान मानू नये. ‘पैसे जमले की चांगली चाचणी करू’ असे म्हणत थांबलेल्या स्त्रीपेक्षा येत्या आठवड्यात व्हीआयए करून घेणारी स्त्री अधिक सुरक्षित आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. पाळी गेल्यानंतर गर्भाशयमुखाचा तपासायचा भाग आतल्या बाजूला सरकतो आणि नजरेस पडत नाही, त्यामुळे पन्नाशीनंतर व्हीआयएवर भिस्त न ठेवता पॅप किंवा एचपीव्ही चाचणीच करावी. घरातील सासूबाईंना किंवा आईला सोबत नेणार असाल, तर ही गोष्ट आधीच सांगून ठेवावी. एचपीव्ही चाचणीचा नमुना स्त्रीला स्वतःलाही घेता येतो. परिचारिका ब्रश देते, तो कसा वापरायचा हे समजावते आणि स्त्री पडद्याआड जाऊन नमुना घेते. योग्य पद्धतीने घेतलेला असा नमुना तपासणीसाठी विश्वासार्ह मानला जातो, आणि ज्यांना ‘खालून तपासणी’ या शब्दांनीच अवघडायला होते त्यांच्यासाठी हा मोठा दिलासा आहे.

मुंबईत कुठे जावे

परळचे केईएम, मुंबई सेंट्रलचे नायर, शीवचे लोकमान्य टिळक आणि जुहूचे कूपर ही महापालिकेची मोठी रुग्णालये आहेत. तेथे स्त्रीरोग विभागाच्या बाह्यरुग्ण कक्षात केसपेपर काढून तपासणी करून घेता येते आणि खर्च खासगी दवाखान्याच्या मानाने अगदी कमी येतो. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसजवळचे कामा रुग्णालय हे राज्य शासनाचे, खास स्त्रिया व बालकांसाठीचे रुग्णालय आहे. घराजवळचे महापालिकेचे आरोग्य केंद्र, प्रसूतिगृह किंवा आपला दवाखाना येथे चौकशी केल्यास व्हीआयए तपासणीची सोय कोठे आणि कोणत्या वारी आहे, हे कळते. वस्तीत घरभेटीला येणाऱ्या आरोग्यसेविकेला विचारणे हा बहुधा सर्वांत सोपा मार्ग. इंडियन कॅन्सर सोसायटीसारख्या संस्था तपासणी शिबिरे भरवतात आणि महिला मंडळाने किंवा गृहनिर्माण संस्थेने पुढाकार घेतल्यास असे शिबिर आपल्या भागातही होऊ शकते.

टाटा मेमोरियलमध्ये आजार नसलेल्यांच्या तपासणीसाठी प्रतिबंधात्मक कर्करोग विभाग आहे. ‘टाटाला जाऊन आले’ हे चाळीत कोणी ऐकले तर काय वाटेल, या धास्तीने अनेक जणी तिकडे फिरकत नाहीत. ती धास्ती समजण्यासारखी आहे. तसे वाटत असेल, तर दुसरे रुग्णालय निवडावे; ठिकाणापेक्षा तपासणी होणे महत्त्वाचे आहे.

मोठ्या रुग्णालयातील गर्दीत, तक्रार नसलेल्या बाईला ‘काही होत नाही ना, मग कशाला आलात?’ असे ऐकावे लागण्याची शक्यता असते. म्हणून डॉक्टरांसमोर बसल्यावर स्पष्ट सांगावे: ‘मला कोणतीही तक्रार नाही. माझे वय अमुक आहे, गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची तपासणी यापूर्वी कधी झालेली नाही आणि ती करून घेण्यासाठीच मी आले आहे.’ तपासणी स्त्री डॉक्टरने करावी अशी इच्छा असेल, तर तेही निःसंकोच सांगावे. पुरुष डॉक्टर तपासणार असतील, तर त्या वेळी परिचारिका किंवा दुसरी स्त्री हजर असावी, असा आग्रह धरणे हा तुमचा हक्क आहे.

तयारी आणि प्रत्यक्ष तपासणी

पाळी चालू असताना तपासणी ठरवू नये. पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजल्यास दहाव्या ते विसाव्या दिवसामधला काळ सोयीचा. आधीचे दोन दिवस शरीरसंबंध टाळावेत, योनीत ठेवायच्या गोळ्या किंवा मलम वापरू नये आणि आतून पाण्याने किंवा औषधाने धुऊ नये, कारण त्यामुळे पेशी वाहून जातात व नमुना निरुपयोगी ठरू शकतो. उपाशी राहण्याची गरज नाही. साडी किंवा सैल कुर्ता असा वेश सोयीचा पडतो. शेवटच्या पाळीची तारीख, बाळंतपणे, झालेल्या शस्त्रक्रिया आणि चालू औषधे यांची माहिती कागदावर लिहून नेली, की ऐनवेळी आठवण्याची धडपड होत नाही. तपासणीला जाण्यापूर्वी लघवी करून घ्यावी.

टेबलावर पाठीवर निजून गुडघे दुमडावे लागतात. डॉक्टर किंवा परिचारिका स्पेक्युलम नावाचे उपकरण योनीत हलकेच सरकवतात, जेणेकरून गर्भाशयमुख दिसेल. या वेळी ताण आणि थंड स्पर्श जाणवतो, नमुना घेताना क्षणभर चिमटल्यासारखे वाटते आणि व्हिनेगर लावल्यावर किंचित झोंबू शकते. सगळे मिळून काही मिनिटांचे काम असते. तोंडाने सावकाश श्वास सोडत राहिले, पोट व मांड्या सैल ठेवल्या, की त्रास पुष्कळ कमी होतो. दुखू लागल्यास ‘थांबा’ म्हणावे. स्पेक्युलम लहान आकाराचेही मिळते. त्यानंतर दिवसभर थोडा लालसर डाग दिसू शकतो. घरकाम, नोकरी, प्रवास यांवर कोणतेही बंधन नाही.

अहवाल घेईपर्यंत तपासणी पूर्ण होत नाही

नमुना दिला, की काम झाले असे समजून पुन्हा न जाणाऱ्या स्त्रियांची तपासणी व्यर्थ जाते, आणि हे मला सर्वांत अधिक खुपते. निघण्यापूर्वी अहवाल कोणत्या तारखेला, कोणत्या खिडकीवर मिळेल हे विचारून केसपेपरवर लिहून घ्यावे. नोंदणी करताना घरातील दुसऱ्या कोणाचा नव्हे, तर स्वतःचा फोन क्रमांक द्यावा. अहवाल मिळाल्यावर तो डॉक्टरांना दाखवावाच, त्यातील शब्दांचा अर्थ स्वतः लावू नये. पॅपच्या अहवालात ‘इन्फ्लमेटरी’ असे लिहिलेले असते, त्याचा अर्थ दाह असा आहे आणि तो कर्करोग नव्हे. ‘एलसिल’ म्हणजे पेशींमधील सौम्य बदल आणि ‘एचसिल’ म्हणजे अधिक गंभीर बदल. यांपैकी एचसिल आल्यास पुढील तपासणी लांबवू नये.

अहवाल सकारात्मक आला, तरी तो कर्करोगाचे निदान नसतो. पुढची पायरी कोल्पोस्कोपीची: दुर्बिणीसारख्या उपकरणातून गर्भाशयमुख मोठे करून पाहतात आणि शंका येईल तेथील लहानसा तुकडा बायॉप्सीसाठी, म्हणजे प्रयोगशाळेत तपासण्यासाठी, घेतात. बहुतेक रुग्णालयांत कोल्पोस्कोपीचे वार ठरलेले असतात, तेव्हा तारीख त्याच दिवशी घेऊन ठेवावी. कर्करोगपूर्व बिघाड आढळल्यास तो भाग उष्णतेने किंवा अतिथंड वायूने नष्ट करतात, अथवा विजेच्या बारीक तारेच्या साहाय्याने तेवढाच भाग कापून काढतात. यासाठी सहसा रुग्णालयात मुक्काम करावा लागत नाही, गर्भाशय जागच्या जागी राहते आणि पुढे मूल होण्याची शक्यताही बहुधा टिकून राहते. उपचारानंतर काही आठवडे पाण्यासारखा स्राव जातो, तेवढे दिवस शरीरसंबंध टाळायचे असतात आणि वर्षभराने पुन्हा तपासणी करायची असते.

पॅपमध्ये दोष दिसला किंवा अंगावरून पांढरे जाते, एवढ्यावरून कोणी ‘पिशवी काढून टाका’ असा सल्ला दिला, तर शस्त्रक्रियेला होकार देण्यापूर्वी कोल्पोस्कोपी आणि बायॉप्सीचा अहवाल मागावा, आणि दुसऱ्या स्त्रीरोगतज्ज्ञाचे मतही घ्यावे. कर्करोगाचे निदान झालेच, तर महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगावरील उपचारांचा समावेश आहे. रेशन कार्ड आणि आधार कार्ड घेऊन रुग्णालयातील आरोग्यमित्राला भेटावे.

वेगळा विचार कोणासाठी

गर्भाशयाबरोबर गर्भाशयमुखही काढलेले असेल आणि शस्त्रक्रियेचे कारण कर्करोग किंवा कर्करोगपूर्व बिघाड नसेल, तर ही तपासणी लागत नाही. परंतु काही शस्त्रक्रियांत मुख तसेच ठेवतात, म्हणून डिस्चार्ज कार्ड डॉक्टरांना दाखवून खात्री करावी. एचआयव्हीसह जगणाऱ्या स्त्रियांना या कर्करोगाचा धोका सुमारे सहापट असतो. त्यांनी पंचविशीपासून आणि दर तीन ते पाच वर्षांनी एचपीव्ही चाचणी करावी. गरोदर स्त्रीने डॉक्टरांशी बोलून वेळ ठरवावी. पाळी गेली, विधवा झाले, आता संबंध येत नाहीत, यांपैकी कोणत्याही कारणाने तपासणीची गरज संपत नाही, कारण संसर्ग फार पूर्वीचा असू शकतो.

मुलींसाठी लस

संसर्ग होण्याआधी दिलेली एचपीव्ही लस सर्वाधिक परिणामकारक ठरते, म्हणून ९ ते १४ हे वय योग्य. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने तयार केलेल्या सर्व्हाव्हॅक या लशीला जुलै २०२२ मध्ये मान्यता मिळाली आणि ती बाहेरून येणाऱ्या लशींपेक्षा स्वस्त आहे. ९ ते १४ या वयात सहा महिन्यांच्या अंतराने दोन मात्रा आणि १५ ते २६ या वयात सहा महिन्यांत तीन मात्रा, असे तिचे वेळापत्रक आहे. विसाव्या वर्षापर्यंत काही एचपीव्ही लशींची एक मात्राही पुरेसे संरक्षण देऊ शकते, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ साली जाहीर केले, त्यामुळे दुसऱ्या मात्रेची ऐपत नाही म्हणून पहिलीही न देणे योग्य नव्हे. विकत घेण्यापूर्वी महापालिकेच्या आरोग्य केंद्रात किंवा मुलीच्या शाळेत मोफत लसीकरणाची चौकशी अवश्य करावी. दंड दुखणे, किंचित ताप येणे एवढाच त्रास बहुधा होतो. काही मुलींना सुईने भोवळ येते, म्हणून लशीनंतर पंधरा मिनिटे बसवून ठेवावे. या लशीने पाळी बिघडते किंवा मूल होत नाही, या समजुतीला आधार नाही. लस आधीच झालेला संसर्ग बरा करत नाही आणि सर्व घातक प्रकारांपासून संरक्षण देत नाही, तेव्हा लस घेतलेल्या मुलीनेही तिशीनंतर तपासणी करायची आहे.

ज्यांनी थांबूच नये

शरीरसंबंधानंतर रक्त जाणे, दोन पाळ्यांच्या मधे रक्त दिसणे, दुर्गंधीयुक्त किंवा रक्तमिश्रित स्राव जाणे, ओटीपोटात वा कंबरेत सतत दुखणे यांपैकी काहीही होत असेल, तर शिबिराची वाट पाहू नये. पाळी जाऊन वर्ष उलटल्यावर पुन्हा रक्ताचा डाग दिसला, मग तो एकदाच आणि थेंबभरच का असेना, तर ‘उष्णता झाली असेल’ म्हणून सोडून देऊ नये. अशा वेळी पूर्वीचा पॅपचा अहवाल चांगला असला तरी तो ग्राह्य धरायचा नसतो. त्याच आठवड्यात स्त्रीरोग विभागात जावे आणि केसपेपर काढतानाच ‘पाळी गेल्यावर रक्त जाते आहे’ असे स्पष्ट शब्दांत सांगावे.